न्यायाधीशांच्या शेजारी चालतो, मग वॉर्डात का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, मुंबई



टेंभी नाक्यावरचं आमचं सिव्हिल, कागदोपत्री विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय, पाडून तिथे ९०० खाटांचं नवं रुग्णालय बांधायचं ठरलं आणि तोवर सिव्हिलचा संसार प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलला. साऱ्या महाराष्ट्रात ज्या फाटकावरून ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून थट्टा होते, त्या फाटकातून आता ठाणेकर प्लॅस्टर घालायला आणि साखर तपासायला ये-जा करतात. कुणाला काही झालं नाही. ठरवून केलेलं नसलं, तरी जनजागृतीच्या भाषणांपेक्षा हे जास्त कामाचं झालं.

मी शुभंकर आहे. आमच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. या आजाराबद्दल मला जे कळतं, त्यातलं निम्मं डॉक्टरांनी शिकवलं आणि उरलेलं निम्मं इतर शुभार्थींनी. या दुसऱ्या निम्म्याला आपण सरकारी मान्यता द्यावी, यासाठी हे पत्र.

मागे गटाच्या सभेला डोंबिवलीहून एक बाई आल्या होत्या. मुलगा इंजिनिअरिंगला, कॉलेज सुटलेलं, दार लावून बसलेला, गोळी गालात धरून मागाहून बेसिनमध्ये थुंकणारा. डॉक्टरांनी निदान सांगितलं होतं, औषधं लिहून दिली होती. ओपीडीत मागे रांग असताना त्यांनी तरी आणखी किती बोलावं? बाईंचा प्रश्न एकच होता, ‘हा गोळ्या का थुंकतो?’ उत्तर दिलं पस्तिशीच्या एका शुभार्थीने. ‘काकू, मीपण थुंकायचो. जीभ जड व्हायची, हात थरथरायचे. मित्रांसमोर चहाचा कप धरायची लाज वाटायची. डॉक्टरांना हे मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांनी डोस बदलला. त्याला घेऊन या, मी बोलतो.’ पुढच्या सभेला मुलगा आला. आईच्या शेजारी बसला नाही, याच्या शेजारी बसला. अपंगत्वाचा दाखला कसा काढायचा, सवलतींसाठीची ४० टक्क्यांची अट कशी मोजतात, ऑफिसात आजाराचं किती सांगायचं आणि किती नाही, हेही त्याला याच्याकडूनच कळलं.

हा माणूस उद्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात हेच करायला गेला, तर पहिला प्रश्न येईल, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ नवरात्रात टेंभी नाक्यावर गळ्यात ओळखपत्र नसेल, तर मंडळाच्या कार्यकर्त्यालाही बॅरिकेडच्या आत सोडत नाहीत, तसंच हे. माणूस कामाचा आहे, पण त्याच्या गळ्यात कार्ड नाही.

कार्ड देणं कुणाच्या हातात आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला, २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोचिकित्सा सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी आपण करता. अनुभवी शुभार्थीला या यादीत जागा नाही. गंमत अशी, की याच कायद्याने आपल्या प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा असून गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी नेमायला सांगितलं आहे. जिल्ह्याच्या पुनर्विलोकन मंडळातही शुभार्थी-शुभंकरांना बसता येतं, आणि त्या मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचे असतात. म्हणजे रुग्णाला डांबून ठेवणं योग्य की अयोग्य, हे ठरवायला शुभार्थी चालतो. त्याच रुग्णाच्या खाटेशेजारी पगार घेऊन बसायला मात्र चालत नाही. याला तर्क म्हणत नाहीत.

आजारातून गेलेल्याने दुसऱ्याला हात देण्याची ही कल्पना नवी नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे इतरांना बाहेर काढताहेत. दारू सुटलेल्याचा अनुभव आपण भांडवल मानतो आणि आवाज ऐकू येणं थांबलेल्याचा अनुभव डाग मानतो. क्षयरोगातून बरा झालेला माणूस सरकारी कार्यक्रमात ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून मिरवतो. फुप्फुसाला जो मान, तो मेंदूला का नसावा?

आणि हे मनोरुग्णालयात जमतं का, असं विचाराल, तर अहमदाबादला जमलं आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात बरे झालेले रुग्ण प्रशिक्षण देऊन मदतनीस म्हणून उभे केले. पुढे जर्मनी, युगांडा, टांझानिया, इस्रायल आणि भारत अशा पाच देशांतल्या ‘अपसाइड्स’ प्रकल्पातही ते रुग्णालय होतं. पुण्याची संस्था, गुजरातचं रुग्णालय. वाटेत ठाणे लागतं, इथे गाडी थांबली नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये अशा मदतनिसांच्या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना कळवलं, की प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हवं, देखरेख हवी आणि काम रुग्णाच्या उपचार-आराखड्याला जोडलेलं हवं. या तीन अटी घेण्याजोग्या आहेत. पण पुढे तिथे काय झालं, तेही पाहावं. राज्याराज्यांत फी आली, परीक्षा आल्या, पोलीस-तपासणी आली. आणि आजाराच्या भरात एकदा कोठडीत गेलेला माणूस, जो कोठडीतल्या दुसऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडला असता, तोच गळू लागला. आपल्याकडे तर प्रमाणपत्र म्हटलं की सहा महिन्यांत क्लास उघडतात. म्हणून पदवीची अट नको. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन शिकायच्या वयात गाठतो, तेव्हा पदवी मागणं म्हणजे आजाराचाच दंड मागणं. परीक्षा मराठीत, तोंडी आणि फुकट असावी.

डॉक्टर मंडळींना धास्ती असते, की हे लोक औषधं बंद करायला सांगतील. धास्ती खोटी नाही. गटात असे एकदोन महाभाग भेटतातच. प्रमाणपत्र हवं ते त्यासाठीच. काय बोलायचं नाही, कुठे थांबून डॉक्टरांना बोलवायचं, हे शिकवता येतं आणि मोडलं तर कार्ड काढून घेता येतं. आज कार्डच नाही, तर काढून काय घेणार?

दुसरी धास्ती माझी आहे. आशाताईंना ‘स्वयंसेविका’ म्हणून कामाला जुंपलं आणि मानधनासाठी आझाद मैदानात बसवलं. शुभार्थींचं तसं करू नका. ठरलेला पगार द्या. आजार उलटला तर रजा द्या आणि परत आल्यावर तीच खुर्ची. हे लेखी नसेल, तर योजना न आणलेली बरी. रिकाम्या पदांवर स्वस्तातला माणूस बसवायची ही युक्तीही होऊ नये.

पहिली गरज कुठे आहे, हे शोधायला समिती नको. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला ठाण्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न हाती घ्यावा लागला. बरं होऊनही आत राहिलेला माणूस बाहेर पडतो, तेव्हा त्याला बँकेचं खातं, रेशनकार्ड, मोबाइल, लोकलचं तिकीट, सगळंच नव्याने करावं लागतं. ते पहिले काही महिने त्याच्यासोबत कोण चालणार? सुरुवात तिथून करा, ठाण्यातूनच करा.

मसुदा करायला आपल्याच सदस्यांतल्या शुभार्थी आणि शुभंकर प्रतिनिधींना सांगा. तो मराठीत जाहीर करा आणि त्यावर सूचना मागवा. सूचना पाठवायला आमचा गट तयार आहे. मनोरुग्णालयात काम करायला तयार असलेल्या शुभार्थींची नावंही, त्यांची संमती घेऊन, सोबत पाठवू.

आपला नम्र,
टेंभी नाका, ठाणे येथील एक शुभंकर