स्मरणाचा अशोक

भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या कुंपणालगत उभे असलेले उंच, निमुळते झाड सर्वजण अशोक म्हणूनच ओळखतात. घरातील वडीलधारे निवर्तले आणि स्मरणार्थ अशोक लावायचे ठरले, की रोपवाटिकेतून बहुधा हेच येते. वस्तुतः तो आसुपालव.

अशोक म्हणजे शोक नसलेला. अष्टप्रातिहार्यांत त्याचे स्थान पहिले. शास्त्रकारांनी त्याची उंची तीर्थंकरांच्या देहाच्या बारापट सांगितली आहे. भगवान महावीरांची काया 7 हात, म्हणून वृक्ष 84 हात. तो समवसरणातला. बागेत लावता येतो तो त्याचा नामधारक, सीताअशोक: बेताच्या उंचीचा, दाट सावलीचा. वसंतात त्याच्या जुन्या फांद्यांवर केशरी गुच्छ येतात आणि पुढे लाल होत जातात.

त्याच्या सालीला औषधी बाजारात मोठी मागणी आहे. तिच्यात आसुपालवाची साल मिसळली जाते, हे त्या व्यापारात गुपित नाही. सालीपायी रानातला सीताअशोक मात्र दुर्मीळ होत चालला. दुकानात दाणा न् दाणा पारखून घेणाऱ्याने पित्याच्या स्मरणाचे झाड केवळ नावावर घ्यावे, हे नवलच!

पारख अवघड नाही. सीताअशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात. आसुपालवाचे पान एकेकटे, नागमोडी कडांचे. कोवळेपणी सीताअशोकाला सावली आणि ओल लागते. चाकणच्या उघड्या माळावर एकटा लावल्यास त्याचे जगणे कठीण. पावसाळ्याच्या आरंभी, एखाद्या मोठ्या झाडाच्या आडोशाला तो लावावा. वाढ संथ असते. पहिल्या फुलोऱ्यासाठी काही वर्षे थांबावे लागते.