धूर नको, झाकण हवे

सातवीतल्या एका मुलीने 'स्वच्छतेचे महत्त्व' या विषयावर मराठीत निबंध लिहिला होता. गटारे उघडी असतात, कचरा कुजतो, त्यात डास होतात, डासांमुळे डेंग्यू होतो, म्हणून आपण कचरा कचराकुंडीतच टाकावा. उर्दू माध्यमातली मुलगी इतके सरळ मराठी लिहिते याचा मला आनंद झाला. दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण अनुस्वारांसाठी कापला. पुढच्याच महिन्यात ती डेंग्यूने गेली.

अनुस्वार मला दिसले. वाक्य चुकीचे आहे हे दिसले नाही. वीस वर्षे शिकवते आहे, बी.एड. केले आहे, फळ्यावर डासाचे चित्र काढून चारही अवस्था समजावल्या आहेत. तरी डेंग्यूचा डास गटारात होत नाही, ही गोष्ट मी वर्गात कधी ठासून सांगितली नव्हती. पोस्टर स्पर्धेत दरवर्षी तेच चित्र येते: काळे गटार, त्यावर मोठा डास, बाजूला कवटी. आम्ही त्याला पहिला नंबर देतो.

गटाराच्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स. तो हत्तीरोग पसरवतो, रात्री कानाशी गुणगुणतो, झोप उडवतो. डेंग्यूचा एडिस वेगळा. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी उन्हे उतरायच्या आधी जास्त. आणि त्याला हवे असते स्वच्छ, साठवलेले पाणी. आपण पितो, ज्याने वुजू करतो, ते पाणी. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफन्साय हाही स्वच्छ पाण्यातलाच; त्याला गच्चीवरच्या टाक्या आवडतात.

त्या मुलीच्या घरी मी पुरसा द्यायला गेले होते. चेंबूरच्या पी. एल. लोखंडे मार्गाकडून आत जाणारी गल्ली, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. इतके लखलखीत घर की चपला दाराबाहेर काढतानाही संकोच वाटावा. स्टीलची भांडी ओळीने लावलेली. मोरीत तीन निळे ड्रम. एकाला झाकण, एकावर लाकडी फळी, एक उघडा. तिच्या अम्मीने सांगितले, पाणी पहाटे साडेचारला येते, पाऊण तास राहते. तेवढ्यात सात माणसांचे दिवसाचे पाणी भरायचे. मग तळाशी राहिलेले पाणी ओतून कोण टाकेल? त्याच्यावरच नवे पाणी भरायचे. मी उघड्या ड्रममध्ये मोबाइलचा उजेड टाकला. अळ्या वळवळत खाली गेल्या. मी काही बोलले नाही. आईला त्या दिवशी काय सांगणार होते?

आणखी एक गोष्ट तिच्या अम्मीने सांगितली, ती प्रत्येक घराने ऐकावी. चौथ्या दिवशी ताप उतरला होता. सगळ्यांनी अल्लाहचे शुक्र मानले, सदका दिला. पाचव्या दिवशी पोटात दुखायला लागले, उलट्या झाल्या, हातपाय थंड पडले. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच सुरू होतो. पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल सुस्त पडणे, यातले काहीही दिसले तर त्याच क्षणी इस्पितळ गाठायचे, सकाळची वाट पाहायची नाही. आणि तापात मेडिकलवाल्याने दिलेली अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम घ्यायची नाही, रक्तस्राव वाढतो. फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरने सांगितलेल्या प्रमाणात.

आता ज्यांच्याशी माझे भांडण आहे त्यांच्याकडे वळते.

पहिले भांडण 'तुमच्या वस्त्या' म्हणणाऱ्यांशी. लोकलच्या डब्यात, प्रशिक्षणाच्या वर्गात, अगदी चहाच्या कपामागूनही हे वाक्य येते: तुमच्या लोकांच्या वस्त्यांत घाण असते, म्हणून तिथे डेंग्यू. बोलणारी बाई चांगली असते, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करणारी असते. तिला मी विचारते, यश चोप्रा कुठल्या झोपडपट्टीत राहत होते? ऑक्टोबर 2012 मध्ये ते डेंग्यूने गेले. चेंबूरमध्ये जुन्या कॉलन्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. तिथे लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात, स्लॅबवर साचलेल्या पाण्यात डास पोसले जातात. पालिका बिल्डरांना नोटिसा देते, खटलेही भरते. पण म्हणून कोणी 'बिल्डर लोक घाणेरडे' असे म्हणत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण घ्या. मुंबईत मलेरिया का पसरतो हे शोधायला डॉ. चार्ल्स बेंटली यांना नेमले होते. त्यांचा अहवाल 1911 चा. दोष निघाला विहिरींचा, म्हणजे घराघरांच्या, वाड्यांच्या, पूजेच्या विहिरींचा. पालिकेने त्या झाकायला, बुजवायला सुरुवात केली तेव्हा धर्माच्या नावाने आक्षेप आले, त्यांत पारशी कुटुंबेही होती आणि हिंदूही. पालिकेतच काम केलेल्या रुस्तम मसानींना या वादातून विहिरींच्या श्रद्धांवर अख्खे पुस्तक लिहावेसे वाटले, ते 1918 साली आले. म्हणजे या शहरात डासाला आसरा देणारे पाणी तेव्हाही पवित्र आणि पिण्याचेच होते. फरक इतकाच, की तेव्हा ते विहिरीत होते आणि आज आमच्या ड्रममध्ये आहे. ड्रम आम्ही हौसेने ठेवलेले नाहीत. नळाला चोवीस तास पाणी असलेल्या घरात ड्रम कशाला लागतो?

पाणी हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो कोर्टात सुटलेला आहे. डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. 2022 मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' असे धोरणच जाहीर केले. धोरणाचा कागद आला, आमच्या मागच्या गल्लीतल्या बाया अजून हंडे घेऊन दुसऱ्याच्या नळावर उभ्या असतात. नळ द्यायला उशीर आणि धूर सोडायला घाई!

तोच धूर माझ्या दुसऱ्या भांडणाचे कारण. मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी गल्लीत धूरफवारणीचे यंत्र आले. मुले त्यामागे पळाली, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो कुणाच्या तरी फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे नगरसेवक नव्हते, पण धुराचे श्रेय घेणाऱ्यांची टंचाई कधी नव्हती. धुराने मरतो तो बाहेर उडणारा डास. एडिस तर घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो. धूर येताना दिसला की आपण दारे लावून घेतो, म्हणजे त्याला वाचवतो. आणि ड्रममधल्या अळीला धूर पोचतच नाही. आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर. जागतिक आरोग्य संघटनाही धूरफवारणीला साथ भडकली असतानाचा तात्पुरता उपाय मानते, रोजचा नाही.

फवारणीवर सगळा भरवसा ठेवण्याचा धडा या देशाने एकदा घेतला आहे. 1947 च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले मलेरियाचे रुग्ण डीडीटीच्या जोरावर 1965 पर्यंत एक लाखावर आले. आता संपलाच म्हणून ढिलाई झाली, डास डीडीटीला सरावले, आणि 1976 मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. मुंबईनेही 2010 च्या पावसाळ्यात मलेरियाची मोठी लाट पाहिली, शंभराहून जास्त माणसे गेली. तरी आमच्या अर्जांत आजही एकच मागणी असते: साहेब, धूर मारून द्या. मी स्वतः असा अर्ज लिहून दिला आहे, चांगल्या मराठीत. मोहल्ल्यातले सगळे अर्ज माझ्याकडेच येतात.

तिसरे भांडण घरातले आहे, म्हणून सगळ्यात अवघड.

पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस टॉर्च घेऊन दारावर येतो. आपण काय म्हणतो? "घर में मर्द नहीं है, बाद में आओ." 2020 च्या सुरुवातीला एनआरसी, एनपीआरची भीती होती तेव्हा हातात वही असलेल्या कुणालाही गल्लीत आत घेत नव्हते. ती भीती खोटी नव्हती, तिची मी थट्टा करणार नाही. पण डासाच्या अळ्या शोधणारा माणूस कागद मागत नाही, ड्रम दाखवा म्हणतो. त्याच्याबरोबर गल्लीतली एखादी आपा, आशाताई किंवा वरच्या वर्गातली मुलगी फिरली तर कुठल्याही घराचा पडदा मोडणार नाही. विभागानेही बायका पाठवाव्यात, हे मी अर्जात लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

आणि ते दुसरे वाक्य, 'जो अल्लाह की मर्जी'. मयतीच्या घरी ते सब्रासाठी म्हणतात, तिथे ते शोभते. ड्रमच्या झाकणासाठी ते वापरू नये. रात्री भांडी झाकून ठेवा, मशकांची तोंडे बांधा, झाकायला काही नसेल तर निदान एक काडी आडवी ठेवा, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. लहानपणी मदरशात आम्ही ती पाठ केली होती. पाठ केलेल्यातले किती जण रोज रात्री मोरीत जाऊन बघतात? माझ्या स्वतःच्या घरात फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या निघाल्या, त्या मुलीच्या मृत्यूनंतर बरोबर नऊ दिवसांनी. शोधायला गेले म्हणून सापडल्या. त्याआधी त्या ट्रेला माझा हात कधी लागला असेल, आठवत नाही.

वर्गात आता मी निबंध देत नाही, काम देते. दर शुक्रवारी घरी जाऊन ड्रम रिकामा करायचा, आतून काथ्याने घासायचा, उन्हात पालथा घालायचा. नुसता ओतून चालत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले की फुटतात. ज्या घराला पाणी ओतणे परवडत नाही, त्याने ड्रमच्या तोंडाला जुनी ओढणी दुहेरी करून सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधायची. छपरावरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेले टायर काढायचे, तिथे वाळूची पिशवी ठेवायची. कूलर, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, कबुतरांसाठी ठेवलेले पाणी. पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस मुलींपैकी अकरा जणींना अळ्या सापडल्या. एक बाटलीत भरून वर्गात घेऊन आली. "टीचर, ये तो हमारे पीने के पानी में थे." वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरची म्हणाली, "टीचर, मस्जिद की टंकी भी देखें?"

मुलींना तिथे वर कोण जाऊ देणार? मी माझ्या भावाला पाठवले. पूर्वीच्या मशिदींच्या हौदात मासे असत, ते अळ्या खाऊन टाकत. पालिकाही गप्पी मासे सोडते ते याचसाठी. आता हौद गेले, गच्चीवर काळ्या टाक्या आल्या. भावाने फोटो आणला. दोन टाक्यांपैकी एकीचे झाकण फुटलेले, त्यावर सिमेंटची रिकामी गोण टाकलेली. एका झाकणाचे पैसे मी द्यायला तयार होते. फोटो ट्रस्टींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "बहोत अच्छा किया बाजी, ईद के बाद देखते हैं."

ईद होऊन पाच आठवडे झाले. काल भाऊ पुन्हा वर गेला होता. गोण तशीच आहे, फक्त आता तिलाही भोक पडले आहे.