अरण्याच्या वेशीवरची शाळा

अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगांत मेळघाटचे अरण्य पसरलेले आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. या अरण्यात आणि त्याच्या भोवती प्रामुख्याने कोरकू समाजाची वस्ती आहे. अरण्य राखायचे तर कायदा आणि पहारा हवा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गावच्या शाळेचा विचार मागाहून होतो. ही समजूत अपुरी आहे.

कोरकू मूल घरी कोरकू बोलते. ही भाषा मुंडा कुळातील असून मराठीहून अगदी वेगळी आहे. शाळेत मात्र त्याच्यापुढे मराठी पुस्तक येते. मोहाची फुले केव्हा वेचावीत, कोणता कंद खाण्याजोगा, ओल्या मातीतील ठसा कोणत्या प्राण्याचा, हे वडीलधाऱ्यांकडून शिकलेले मूल वर्गात अडाणी ठरते. त्यातच रोजगारासाठी आईवडील गाव सोडतात आणि मूलही त्यांच्याबरोबर जाते. मग शाळा सुटते आणि रानाची ओळखही पुसट होते.

२००६ च्या वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेला वनावर सामूहिक हक्क मागता येतो. पण त्यासाठी ठराव लिहावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, नकाशा समजून घ्यावा लागतो. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड रान राखले, झाडे लावली. सीताफळांच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळू लागले. रानाची जाण आणि कागदाची जाण एकत्र आली, की रक्षण आणि उपजीविका यांत वैर उरत नाही.

केवळ शाळेने पोट भरत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच गावात रोजगार हवा आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी गावातच निवासाची सोय हवी. आरंभीचे शिक्षण कोरकूतून सुरू होऊन मराठीकडे जावे. गावातील जाणत्यांना वर्गात मानाचे स्थान मिळावे. पहारेकरी जंगलाची सीमा राखील. पण जंगल आपले आहे ही भावना पुढच्या पिढीत रुजवण्याचे काम शाळेलाच करावे लागेल.