दाखला मुदतीचा, सुरक्षा रोजची

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जणांचा मृत्यू झाला. धडक नौदलाच्या बोटीची होती हे खरे. पण ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढीच परवानगी असलेल्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती, हेही तेवढेच खरे. आठवडाभरातच, नाताळच्या दिवशी, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकजण दगावला.

नद्यांतील बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यानुसार नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा बंधनकारक आहे. गोव्यात हे काम बंदर कप्तान खात्याकडे आहे. तपासनीस बोटीचा सांगाडा, इंजिन, जीवरक्षक साधने पाहतो. पण तो रोज धक्क्यावर उभा नसतो. दाखला मिळालेल्या बोटीतही नंतर माणसे जास्त भरली, जॅकेटे कोपऱ्यात पडून राहिली, तर त्या कागदाला अर्थ उरत नाही.

आम्हा कोरगावकरांना हा विषय परका नाही. केरी-तेरेखोल, तुये-कामुर्ली या फेरीबोटी आमच्या रोजच्या वाटेवरच्या. चतुर्थीला, जत्रेला पाहुणे आले की गर्दी वाढते. अशा वेळी धक्क्यावर गणती व्हायला हवी आणि प्रवासीसंख्या ठळक अक्षरांत दिसायला हवी, ही आमची मागणी आहे. आणि बोट भरली असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहण्याची तयारी आपलीही हवी.