'पारंपरिक' नावाची चोरी

22 डिसेंबर 1945 रोजी पठ्ठे बापूराव पुण्यात वारले. फड मोडला होता, पैसा संपला होता, ज्यांनी फेटे उडवले ते आपापल्या घरी सुखात होते. पाचच वर्षांनी, 1950 साली, त्यांच्या नावाचा बोलपट निघाला. जिवंतपणी ज्याला विचारायला कुणी गेले नाही, त्याच्या मरणाची तिकिटे विकली गेली! मराठी माणसाची ही कलाभक्ती आम्हाला ठाऊक आहे. कलावंत खंगत असेपर्यंत ती निवांत घोरत पडते आणि तिरडी बांधली की हार घेऊन धावत सुटते. पण बापूरावांच्या वाट्याला आलेली उपेक्षा मरणाने संपलेली नाही. ती आजही रोज चालू आहे, आणि आज आम्हाला बोलायचे आहे ते तिच्याबद्दल.

हा माणूस कोण होता? वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी, जन्म 1866 चा. घरात कुळकर्णीपण. गावच्या दप्तरात दुसऱ्यांची नावे बिनचूक उतरवणे हा वाडवडिलांचा धंदा. या पोराचे कान मात्र जात्यावरच्या ओव्यांकडे आणि वेशीबाहेरच्या ढोलकीकडे लागलेले. दप्तर सुटले आणि तो बोर्डावर उभा राहिला. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग यांतले त्याने काय लिहिले नाही? त्याचा 'मिठाराणी'चा वग गाजला. मुंबईचे वर्णन करणारी त्याची लावणी म्हणजे त्या काळच्या शहराची हजेरीच. दोन लाख लावण्या केल्याचा दावा त्याने लावणीतूनच ठोकला. त्यातली शाहिरी अतिशयोक्ती वजा करा, निम्मी करा, शतांश करा, तरी जे उरते त्यातले छापील संग्रहांत किती आले? मूठभर! बाकीचे गेले कुठे?

शाहीर भोळे नव्हते. आपल्या रचनेची चोरी होणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव ओवायचे, ही नाममुद्रेची चाल त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. राम जोशी असो, होनाजी असो, परशराम असो, सगनभाऊ असो, रचना कोणाची हे लावणी स्वतःच सांगत असे. ना वकील, ना सरकारी शिक्का. नाव काढायचे तर कडवेच मोडावे लागे.

ते मोडले तबकडीने. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात यंत्र घेऊन उतरला, 1908 मध्ये तिथेच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि बघता बघता देशभरचे गाणे मेणात उतरू लागले. दहा इंची तबकडीची एक बाजू चालायची जेमतेम तीन मिनिटे. फडात लावणी अशी मापाने कुठे चालते? ढोलकी तोडा मारते, झीलकरी सूर धरून ठेवतात, दौलतजादा होतो, बाई अदा करते, तेच कडवे पुन्हा येते. एक लावणी घटकाभर रंगते. ती तीन मिनिटांत कोंबायची तर कात्री कुठे लागणार? मुखडा कुणी कापत नाही, गिऱ्हाईक त्यावरच येते. कात्री लागते शेपटाला. आणि शेपटात काय असते? कवीचे नाव! दैवाची थट्टा पाहा. त्या आरंभीच्या तबकड्यांत गाणे संपल्यावर गायिका गौहरजान आपले नाव मोठ्याने सांगे, कारण जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात मुद्रणावर कोणाचे नाव घालायचे ते कळले पाहिजे. म्हणजे गाणारीचे नाव टिकावे म्हणून यंत्राने तिला चार क्षण दिले आणि रचणाऱ्याचे नाव त्याच यंत्राच्या मापात बसले नाही. लेबलावर गाण्याची पहिली ओळ, गाणारा, प्रकार आणि कंपनीचा क्रमांक एवढे आले की काम झाले. कवीची आठवण ठेवायला तिथे कोण बसले होते?

हे शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राचे पाप म्हणून सोडून देऊ. पण आज? आज माप तीन मिनिटांचे नाही. एका बोटाच्या टोकावर हजार गाणी मावतात, पडद्यावर रकानेच्या रकाने मोकळे पडले आहेत, आणि तिथे आमचे कंपनीवाले, वाहिन्यावाले आणि 'लोककलेचा जागर' करणारे कंत्राटदार गीतकाराच्या जागी एकच शब्द ठोकतात: 'पारंपरिक'. कवी ठाऊक नसेल तरी पारंपरिक, शोधायचा आळस असेल तरी पारंपरिक, आणि ठाऊक असून नाव नको असेल तर मग पारंपरिकच पारंपरिक! परंपरेला हात नसतात. परंपरा रात्री दिवा लावून यमके जुळवीत बसत नाही. लिहितो तो माणूस, आणि त्याला आई-बापांनी नाव ठेवलेले असते.

कायदा काय करतो? कायदा जांभया देतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 52-अ हे कलम घातले आहे. ध्वनिमुद्रणावर काय छापलेच पाहिजे ते त्यात सांगितले आहे: मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. झाले! कारखानदाराचा पत्ता हवा, मालकाचा पत्ता हवा. कवीचे नाव मात्र नको, गाणाऱ्याचेही नको, ढोलकीवाल्याची तर बातच सोडा. गीतकारांना मानधनाचा वाटा मिळावा म्हणून 2012 साली कायदा दुरुस्त झाला, ते उत्तमच झाले. पण बापूरावांच्या रचनांवरचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, म्हणजे 2005 अखेर, संपला. आता त्या कोणीही गाव्यात, छापाव्यात, विकाव्यात. आमची हरकत नाही. फुकट घ्या, पण कोणाकडून घेतले ते तरी सांगा! नाव लिहायला छदाम लागत नाही.

इथवर वाचून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांना आता जरा टोचणार आहे. बापूरावांचे नाव पुसले म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जणांना पवळाबाई आठवतात? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या, महार समाजातल्या, 'नामचंद पवळा' म्हणून गाजलेल्या. फड चालला तो बापूरावांच्या लेखणीवर आणि पवळाबाईंच्या गळ्यावर, पावलांवर. लोक बोर्डापुढे गर्दी करीत ते केवळ यमके ऐकायला नव्हे. पण आमच्या पुस्तकांत आणि बोलपटांत गोष्ट सांगितली जाते ती एकाच चालीवर: ब्राह्मणाने तमाशापायी जात सोडली, केवढा त्याग! राम जोशींची गोष्टही आम्ही 1947 साली पडद्यावर याच हौसेने पाहिली. वरून खाली उतरणाऱ्याची कथा होते, त्याला नायक करतात. जी जन्मानेच खाली ढकलली गेली आणि जिच्या घामावर तो खेळ उभा राहिला, तिला त्या कथेत मोहिनी म्हणून यायचे आणि अध्याय संपला की निघून जायचे.

महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली, हा प्रसंग नोंदलेला आहे. अस्पृश्य बायांना नाचवून मिळालेला पैसा बाबासाहेबांना त्या बायांच्याच मुक्तीच्या लढ्यासाठी नको होता. त्या नकाराने बापूरावांच्या प्रतिभेला डाग लागत नाही, असे आम्हाला वाटते. पण 'लोककला, लोककला' म्हणून टाळ कुटणाऱ्यांनी तो प्रसंग गिळून टाकावा, हे मात्र आम्हाला मान्य नाही. शैलजा पाईक यांनी 2022 मध्ये तमाशातील दलित स्त्रियांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत, आणि निघाला अमेरिकेतून. ज्या राज्यात तमाशा जन्मला, त्या राज्याच्या विद्यापीठांना हे का सुचले नाही? की तिथले सोवळे अजून वाळतेच आहे?

कोणी म्हणेल, लोककला सगळ्यांची, तिला मालक कसला? छान! मग तीच लावणी रिमिक्स करून विकणारी कंपनी स्वतःचे नाव ठळक का छापते? सगळ्यांची असते ती फक्त गरिबाची वस्तू. श्रीमंताच्या हाती पडली की तिला लगेच मालक फुटतो. आणि इकडे नारायणगावात हंगामाला राहुट्या ठोकून सुपाऱ्या घेणारा फडमालक उचलीच्या व्याजात बुडालेला.

तेव्हा आमची मागणी सोपी आहे. कलम 52-अ मध्ये दोन पोटकलमे वाढवा: रचनाकाराचे नाव आणि गाणाऱ्याचे नाव. 'पारंपरिक' लिहायचे असेल त्याने आधी शोध घेतल्याचे लेखी दाखवावे. राज्याच्या सांस्कृतिक खात्याने तमाशाच्या जुन्या तबकड्या, हस्तलिखित बाडे आणि म्हाताऱ्या झीलकऱ्यांची तोंडपाठ कडवी एका जागी आणावीत, शेवटच्या कडव्यासकट. आणि त्या संग्रहाच्या यादीत जिथे जिथे पठ्ठे बापूराव लिहिले जाईल, तिथे बोर्डावर ती लावणी उभी करणाऱ्या पवळाबाईंचेही नाव त्याच ओळीत, त्याच टाइपात छापावे. पुढच्या 22 डिसेंबरला हार घेऊन येणाऱ्या मंत्रिमहोदयांनी हाराबरोबर तेवढा सरकारी आदेशही आणावा. तो नसेल तर मंत्रालयातच थांबावे. तमाशा कसा उभा करायचा हे आमच्या फडकऱ्यांना त्यांच्यापेक्षा बरे जमते.