दीडची वायर, बत्तीसचा एमसीबी

प्रति,
मा. मुख्य विद्युत निरीक्षक, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मे महिन्यात अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक मागणी हमखास येते : ‘‘सोळाचा एमसीबी सारखा पडतोय, बत्तीसचा द्या.’’ दुकानदार देतो. दोन स्क्रू सैल करायचे, जुना काढायचा, नवा बसवायचा. काही मिनिटांत एसी पुन्हा सुरू होतो. भिंतीतल्या पाइपात मात्र पूर्वीचीच दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असते. घरातले एक मोठे संरक्षण अशा रीतीने निघून जाते आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. हे पत्र त्या नोंदीसाठी आहे.

एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की वीज तोडणारा छोटा सर्किट ब्रेकर, एसीला सांभाळण्यासाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. तो असतो वायरसाठी. पाइपातून गेलेली दीडची वायर साधारण १४ ॲम्पिअर, अडीचची सुमारे २०, चारची सुमारे २६ ॲम्पिअर सुखाने वाहते. एकाच पाइपात वायरींची गर्दी असेल किंवा भिंत तापलेली असेल, तर त्याहूनही कमी. पीव्हीसीचे आवरण सतत ७० अंशांपर्यंतच टिकते. म्हणून क्रम ठरलेला आहे : उपकरणांचा प्रवाह एमसीबीच्या आकड्याहून जास्त नको आणि एमसीबीचा आकडा वायरच्या क्षमतेहून जास्त नको. वायरिंगची भारतीय मानके याच क्रमावर उभी आहेत.

बत्तीसचा एमसीबी ३२ ॲम्पिअरला लगेच पडतो, असेही नाही. मानकाप्रमाणे आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला त्याने तासभर टिकायला हवे आणि १.४५ पटीला तासाभरात पडायला हवे. म्हणजे बत्तीसचा एमसीबी सुमारे ३६ ॲम्पिअर तासभर निवांत वाहू देईल. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. त्या हिशेबाने १४ ॲम्पिअरच्या वायरीतून ३६ गेले, तर उष्णता साडेसहा पट. इतकी उष्णता प्लॅस्टरखाली दडलेल्या वायरीत तयार होत असते, आणि डीबीतला, म्हणजे वितरण पेटीतला, एमसीबीचा दांडा तरीही वरच राहतो.

स्वयंपाकघरात तर बत्तीसचा एमसीबी लागतही नाही. २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १५०० वॅटची किटली एकाच वेळी चालू केली, तर २३० व्होल्टला १५ ॲम्पिअरच्या वर प्रवाह जातो. सोळाच्या एमसीबीला त्यात वावगे दिसणार नाही. दीडच्या वायरीची मर्यादा मात्र ओलांडलेली असते. दिवे-पंख्यांसाठी ओढलेल्या वायरीवरून पुढे प्लग पॉइंट काढून दिलेली जुनी घरे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. तिथे दीडच्या वायरीला दहाचा एमसीबी हाच योग्य, आणि शेगडी-गीझरला डीबीपासून वेगळी, जाड वायर.

एमसीबी वारंवार पडतो, तेव्हा ग्राहकाची तक्रार खोटी नसते, हेही सांगायला हवे. घरगुती एमसीबीचे आकडे ३० अंश तापमानाला जुळवलेले असतात. उन्हाने तापलेल्या डीबीत तो लवकर पडतो. टर्मिनलचा स्क्रू सैल असेल, तर तिथली उष्णता आतल्या द्विधातू पट्टीला वाकवते. पूर्वीच्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. ‘बी’ प्रकारचा सोळाचा एमसीबी ४८ ते ८० ॲम्पिअरच्या दरम्यान झटक्यात पडतो, ‘सी’ प्रकारचा ८० ते १६० च्या दरम्यान. अशा वेळी उपाय आहे तो स्क्रू आवळणे, डीबीची जागा बदलणे, ‘सी’ प्रकार घेणे किंवा नवी वायर ओढणे. या चारांतले काय लागू आहे, ते जाणकार वायरमन पाहून सांगतो. मोठा आकडा या यादीत बसत नाही.

किटकॅट फ्यूजच्या काळात हाच खेळ तारेने चाले. फ्यूज वायर संपली की लवचिक वायरीतले दोन-चार पेड काढून बांधायचे. जर्मनीतल्या मानहाइम इथे ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ साली छोट्या सर्किट ब्रेकरचे पेटंट घेतले, त्याचा एक मोठा फायदा हाच होता की तार बांधणाऱ्याच्या मर्जीवर संरक्षण सोडावे लागत नाही. आज अख्खा एमसीबीच बदलला जातो आणि तो फायदा हातचा जातो.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० नवजात बालके गेली, त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. घरांची तपासणी तशी कोणी करायला येत नाही, आणि लाखो घरांत निरीक्षक पाठवणे शक्यही नाही. पण कंत्राटदारांचे परवाने आपल्या अखत्यारीत आहेत आणि नव्या जोडणीला त्यांचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. त्या रिपोर्टसोबत डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक मराठी तक्ता चिकटवणे बंधनकारक करावे. प्रत्येक शाखेसमोर चार गोष्टी : कुठल्या खोलीची, वायर किती चौरस मिलिमीटरची, एमसीबी जास्तीत जास्त किती ॲम्पिअरचा, प्रकार बी की सी. खाली कंत्राटदाराचा परवाना क्रमांक आणि तारीख. माणसाला शॉकपासून वाचवणाऱ्या आरसीसीबीचे टेस्ट बटण शेवटचे कधी दाबले, यासाठीही एक रकाना असावा. शॉकपासून वाचवण्याचे काम एमसीबी करत नाही.

दुसरी मागणी महावितरणशी बोलून सोडवण्यासारखी आहे. ग्राहक एसी घेतो, मंजूर भार वाढवून घेतो, गरज असल्यास मीटर आणि सर्व्हिस केबल बदलली जाते. घरातल्या वायरी मात्र आपोआप जाड होत नाहीत. भारवाढीच्या प्रत्येक अर्जासोबत हाच तक्ता नव्याने भरून मागावा. जुन्या घरांसाठी सक्ती नको. परवानाधारक वायरमनने तक्ता भरून देण्याचा माफक दर खात्याने जाहीर केला, तर अनेक कुटुंबे स्वतःहून तो करून घेतील. दुकानात बत्तीसचा एमसीबी मागायला आलेल्या माणसाला दुकानदाराने ‘‘तक्त्यात किती लिहिलंय?’’ एवढे विचारावे, यासाठी हा तक्ता पुढच्या उन्हाळ्याआधी डीबीच्या दारांवर लागायला हवा.

एक वीजग्राहक