बीज दुसरीचे, मूल कुणाचे?



गेल्या रविवारी मानपाड्याच्या विहारात वंदना आटोपली आणि एक ओळखीची भगिनी मागे थांबली. लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही. तुमच्या स्त्रीबीजातून गर्भ राहणे कठीण आहे, दुसऱ्या स्त्रीचे बीज घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी तिला सांगितलेले. ती हळूच म्हणाली, "ताई, धाकटी बहीण द्यायला तयार आहे. घरातलंच रक्त राहील. बाहेरचं घेतलं तर कुठल्या जातीचं, कुणाचं, काय कळणार?"

मी तिला आपल्याच ठाणे जिल्ह्यातला, बेलापूरच्या न्यायालयात गेलेला एक खटला सांगितला. तोच आज सर्वांसाठी लिहिते.

एका जोडप्याला मूल होत नव्हते. पत्नीच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले. २०१८ साली करार होऊन दुसऱ्या एका स्त्रीने गर्भ वाढवला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जुळ्या मुली झाल्या. त्याआधी काही महिने त्या बहिणीवर मोठा घाला पडला होता. अपघातात तिचा नवरा आणि मुलगी गेली होती. पुढे मार्च २०२१ मध्ये मुलींचे वडील त्यांना घेऊन वेगळे राहू लागले आणि ती बहीणही त्या घरी राहू लागली. आईने मुलींना भेटू द्या म्हणून अर्ज केला, तो २०२३ साली फेटाळला गेला. पतीचे म्हणणे असे, की बीज मेहुणीचे, तेव्हा आई तीच. पत्नीचा मुलींवर हक्क नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी निकाल दिला, की बीज दिल्याने आईपणाचा कायदेशीर हक्क मिळत नाही. ज्या जोडप्याने मूल हवे म्हणून करार केला, तेच आईवडील. पाच वर्षांच्या मुलींना दर आठवड्याच्या शेवटी तीन तास भेटण्याची मुभा आईला मिळाली. पण मधली तीन वर्षे कुणी परत देणार आहे का?

हा करार जुना होता. त्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी होती. आता २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आहे आणि तो जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक हव्यात.

रुग्णालयाने दात्याचे बीज नोंदणी झालेल्या बँकेकडूनच घ्यायचे असते. बहिणीने किंवा जावेने थेट देण्याची वाट या कायद्याने ठेवलेली नाही. जन्मणारे मूल हे उपचार घेणाऱ्या जोडप्याचे स्वतःचे मूल मानले जाते आणि त्याला सारे हक्क मिळतात. देणाऱ्याचा मुलावर हक्क राहत नाही. एकटी स्त्री, मग ती विधवा असो, घटस्फोटित असो वा अविवाहित, हा उपचार घेऊ शकते. स्त्रीसाठी वय २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ असे आहे. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडून देणे हा गुन्हा आहे.

आता देणारीचा विचार करा. २०१० साली मुंबईत भंगाराच्या दुकानात काम करणारी एक मुलगी स्त्रीबीज दिल्यानंतर दोन दिवसांत मरण पावली. ती तिची तिसरी खेप होती. शाळेच्या दाखल्यावर तिचे वय सतरा निघाले. अशा मुली कुठल्या वस्तीतून येतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच आज दात्री २३ ते ३५ वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच द्यावे आणि सातांहून अधिक बीजे काढू नयेत, असे बंधन आहे. तिचा बारा महिन्यांचा विमा घेणाऱ्या जोडप्याने उतरवायचा असतो. बीजाची विक्री आणि दलालामार्फत दात्री आणणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास ३ ते ८ वर्षे तुरुंगवास आणि १० ते २० लाख दंड. आपल्या चाळीत कुणी "एवढे पैसे मिळतील, चल" म्हणत मुलींना विचारत फिरत असेल, तर तिथेच अडवा.

राहिला जातीचा प्रश्न. विवाह कायदेशीर ठरायला जात एक असण्याची अट नको, म्हणून हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले. जन्मावरून कुणी उच्च वा नीच ठरत नाही, हा तथागतांचा उपदेश आपण रोज विहारात ऐकतो. मग आपणच स्त्रीबीजाची जात विचारावी काय? बँकेत दात्याच्या एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग अशा तपासण्या होतात. आपण विचारायचे ते एवढेच, की त्या झाल्या का.

उपचाराला जाण्यापूर्वी रुग्णालयाचे आणि बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. दोघांनी संमतीपत्र वाचून, समजून मगच सही करा आणि प्रत जपून ठेवा. इंग्रजी कळत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला बरोबर न्या. तक्रार असेल तर ती ऐकण्याची व्यवस्था प्रत्येक केंद्रात असायला हवी, ती कुठे आहे ते विचारा. हे काही नको वाटले तर दत्तकाचा मार्ग आहेच. हिंदू दत्तक कायदा बौद्धांनाही लागू आहे.

त्या भगिनीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बहिणीला नाही म्हणून सांगते. तिला माझ्या मुलाची मावशीच राहू दे."

जयभीम!